बाबाजींच्या मांडीवर जीतो

करतारकौर संतापली की मराठीत यायची. घरात शिकलकऱ्यांची, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या शिखांची, बोली, गुरुद्वाऱ्यात जमेल तशी पंजाबी, पण भांडण मात्र अस्सल मराठवाडी. ते ती बाजारात शिकली होती. लग्न होऊन जालन्यात आली तेव्हापासून अंबडच्या आठवडी बाजारात विळे, खुरपी, तवे, चाळण्या मांडून बसायची, आणि गिऱ्हाईकानं तोंड उघडलं की त्याच्याच भाषेत त्याला झाडायची. अंतरवाली सराटीच्या मालनबाईनं एकदा विळा परत आणला, धार नाही म्हणून. करतारकौरनं विळा हातात घेतला आणि म्हणाली, "धार न्हाई? बस इथं. तुह्या वेणीवर दाखविते." मालनबाई हसत हसत विळा घेऊन गेली आणि पुढं जन्मभर तिचंच गिऱ्हाईक राहिली.

बाई उंच, हाडापेरानं मजबूत. नवरा ऐरणीवर लोखंड धरायचा आणि ही घण मारायची, उलटं नाही. नवरा गेल्यावर मुलगा निहालसिंग लोखंड धरायला लागला, घण हिच्याकडंच राहिला. शहरात कुठं कुलूप तुटलं की पोलिसांची गाडी आधी ह्यांच्या गल्लीत यायची, आणि गाडी आली की पुरुष आत आणि करतारकौर बाहेर, असा रिवाजच पडला होता. तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती.

अशा बाईचा एकच हळवा कोपरा होता. शिखांचे आठवे गुरू, गुरू हरकिशन. बालगुरू. पाच वर्षांचे असताना गुरुगादीवर बसले आणि आठवं वर्ष पुरं व्हायच्या आत गेले. दिल्लीत देवीची साथ आली होती. माणसं आपल्या आजारी माणसांना सोडून पळत होती आणि हे लेकरू घराघरात जाऊन तापलेल्यांना आपल्या हातानं पाणी पाजत होतं. शेवटी त्याच्याच अंगावर देवी आल्या.

करतारकौरचा थोरला मुलगा मेहर, त्यालाही देवीनंच नेलं होतं, बाहत्तर साली. तोही सात वर्षांचाच. तेव्हा गल्लीतल्या बायका सांगत होत्या की पूर्वजन्मीचं काही असेल, सेवेत काही चुकलं असेल. गुरुद्वाऱ्यात ग्रंथ वाचणारे म्हातारे ग्रंथीजी तेवढे तिच्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "बेटी, आपल्या गुरूंनाही हेच झालं होतं. त्यांचंही अंग असंच भाजत होतं, आणि त्यांची आई अशीच उशाशी बसली होती." एवढंच म्हणाले. पण त्या एका बोलण्यावर करतारकौर उठून उभी राहिली. तिच्या मेहरला जे झालं ते गुरूला झालं होतं, मग मेहरची काय चूक? तिची तरी काय चूक? बाकी सगळ्या गुरूंपुढं ती डोकं टेकायची. हा एक मात्र पदराखाली घ्यावासा वाटायचा.

आता ऐका, तिचं डोकं का फिरलं ते.

चौऱ्याण्णव सालचा फाल्गुन. लांबून कुठून तरी एक बाबाजी गल्लीच्या गुरुद्वाऱ्यात उतरले. नावाशी आपल्याला करायचंय काय? पांढरी जीप, पांढरे कपडे, आणि मागंपुढं दोन सेवक. बोलणं मात्र असं गोड की माणूस विरघळून जावा. निहालसिंग विरघळला. हा मुलगा रोज संध्याकाळी दारू पिऊन ऐरणीशेजारी आडवा पडायचा. बाबाजींनी त्याच्या हातावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली आणि त्यानं बाटली सोडली. खरंच सोडली. सून बलजीत रडली, करतारकौरनंही बाबाजींच्या पायाला हात लावला. खोटं कशाला बोलायचं?

त्याच आठवड्यात नात जीतो तापली. चार वर्षांची पोर, घराचा सगळा आवाज तिचाच. अंगभर गोवर उठला. करतारकौर बाजार करून अंबडहून परतली तर उशाशी पाण्याची बाटली, आणि निहालसिंग हात जोडून बसलेला.

"बाबाजींनी ग्रंथाचा पाठ म्हणून, मंतरून दिलंय पाणी," तो म्हणाला. "हेच पाजायचं. दवाखान्यात न्यायचं न्हाई, सुई टोचायची न्हाई. गोवर आत उलटतो. अर्धवट इस्वास ठेवला तर केलेलं समदं वाया जातं म्हणले."

"लेकराला पाह्यलं का त्यांनी?"

"सेवकानं बाटली आणून दिली."

"पाह्यलं का, म्हन्ते!"

नव्हतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी गोवर मावळायला लागला, पण ताप हटेना. कानातून पू यायला लागला, आणि श्वास घेताना पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. करतारकौरनं भात्यासमोर आयुष्य काढलेलं. हवा कुठं अडते हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं पोरीला उचललं तर निहालसिंग दारात आडवा झाला.

"माँ, मी शपथ घेतल्यालीय. हे दवाखान्याचं मोडलं तर दारूची शपथ बी मोडंल. पुन्हा बाटली धरू का मी? सांग."

बलजीत कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून बसलेली. तिचा नवरा दहा वर्षांनी शुद्धीवर आला होता आणि पोरगी शुद्ध हरपत होती. करतारकौरच्या अंगाची लाही लाही झाली. पण पोरगा तुटेल या भीतीनं ती बाईसुद्धा, बघा, एक दिवस गप्प बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गुरुद्वाऱ्यात गेली. निहाल बाबाजींचं ऐकतो, तर बाबाजींनीच त्याला सांगावं की पोरीला दवाखान्यात ने, एवढंच मागायचं होतं. दिवाण भरला होता, म्हणजे प्रवचन चालू होतं. गल्लीतल्या अर्ध्या घरांत गोवर होता. ज्या बायांच्या कडेवर आजारी लेकरं होती, त्यांना सेवक दाराजवळच बसवत होता. "पीछे, पीछे, बहेनजी." करतारकौरनं ते पाहिलं.

आणि बाबाजी नेमके बालगुरूंचीच कथा सांगत होते. म्हणाले, गुरूंना कसला आला आजार? ती तर लीला. ते सगळं नाटक होतं, भक्तांची परीक्षा पाहायला. महापुरुषांना ना ताप येतो, ना वेदना होतात. तुमच्या लेकरांना त्रास होतो तो तुमच्या शंकेमुळं.

करतारकौरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उभी राहिली. भर दिवाणात, बायकांच्या बाजूनं.

"नाटक?" मराठीत. सगळ्यांना कळलं, आता काही खरं नाही. "सात वर्साचं लेकरू तापानं फणफणून मेलं, ते नाटक? मंग त्याची माय काहून उशाशी बसल्ती? तिला बी सांगितल्तं का नाटक हाय म्हणून?"

"बैठ जाओ, भाभी," प्रधान गज्जनसिंग म्हणाला. हा गुरुद्वारा कमिटीचा प्रमुख, हिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ.

"न्हाई बसत! त्याला दुखलंच न्हाई तर त्यानं केलं काय मोठं? दुखत न्हाई त्यानं आगीत हात घातला तर त्यात काय हाय? दुखत व्हतं, तरी गेला, म्हणून आपण माथा टेकितो!"

बाबाजी हसले. ते हसणं तिनं मरेपर्यंत विसरलं नाही. सेवकाकडं बघून म्हणाले, माताजींचं मन अस्थिर आहे, यांच्यासाठी प्रार्थना, अरदास करू. आणि कथा पुढं चालू.

मेहर गेला तेव्हा तिच्या हातात जेवढं उरलं होतं, तेवढंही ह्या माणसानं हसत हसत काढून घेतलं होतं. ती घरी आली. पाठोपाठ निहालसिंग, लाजेनं लाल झालेला. "माँ, समद्या संगतीत, भरल्या माणसांत, माझी मान खाली घालायला लावली तू."

"बरं," ती म्हणाली. एकदम हळू. तिचा हळू आवाज गल्लीनं क्वचितच ऐकला होता. "दवाखान्यात न्हाई नेत. बाबाजींच्या पायाशी तरी नेऊ दे पोरीला. का ते बी न्हाई?"

ह्याला नाही कसं म्हणणार? निहालसिंग स्वतः पुढं झाला. पोरीला कडेवर घेऊन करतारकौर मागं. गुरुद्वाऱ्याच्या दारापाशी सेवकानं हात आडवा केला, "पीछे, पीछे." करतारकौरनं त्या हाताकडं नुसतं पाहिलं, आणि तो खाली आला. रांगेतून सरळ चालत ती पुढं गेली. ग्रंथसाहेबांपुढं पोरीसकट माथा टेकला. मग वळली आणि जीतोला बाबाजींच्या मांडीवर ठेवलं.

पांढऱ्या कपड्यांवर ती तापलेली, पू वाहणारी, कण्हणारी पोर.

बाबाजी असे उडाले, जणू मांडीवर निखारा पडला. "उठाओ! उठाओ इसको! बीमारी लग जाएगी!" कपडे झाडत ते भिंतीला जाऊन टेकले. पोरगी घसरून सतरंजीवर पडली. सेवक धावला तो बाबाजींकडं, पोरीकडं नाही.



"लागण हुईल?" करतारकौर ओरडली. "काहून? नाटक हाय ना? महापुरुषाला ताप येत न्हाई ना? बसा की मंग घेऊन! दिल्लीत त्यानं असल्याच लेकरांची डोकी मांडीवर घेतल्ती! तुम्ही तर बाटली बी दुसऱ्याच्या हातानं धाडिता!"

तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. दोन दिवसांचं तुंबलेलं होतं सगळं. पण तिच्या बाजूनं कुणी तरी वाकलं आणि पोरीला उचललं. निहालसिंग. त्यानं बाबाजींकडं पाहिलं नाही, आईकडं पाहिलं नाही. पोरीला छातीशी धरून तो अनवाणी पळाला. चपला गुरुद्वाऱ्याच्या दारातच राहिल्या. गल्लीच्या तोंडाशी बदरोद्दीनची रिक्षा उभी होती. त्यानं आधीचं गिऱ्हाईक उतरवलं आणि ह्यांना घेतलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि निहालसिंगला असं झापलं की करतारकौरलासुद्धा पोराची कीव आली. न्यूमोनिया छातीत पसरला होता. दोन्ही कान सडत चालले होते. "परवाच आणलं असतं तर?" बलजीतनं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि त्या सलाईन लावायला लागल्या.

पोरगी वाचली. उजवा कान पार गेला, डाव्यात थोडंसं उरलं. तोंडासमोर बसून मोठ्यानं बोललं तर तिला कळायचं. घराचा सगळा आवाज जिचा, ती हळूहळू गप्प झाली. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसेल तर माणूस बोलणार कुणासाठी?

बाबाजी त्याच दुपारी जीपमध्ये बसून गेले होते. निहालसिंगनं पुन्हा बाटलीला हात लावला नाही. "तेवढं त्या बाबाचं मानते मी," करतारकौर म्हणायची, आणि पुढं जे म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही. घण मारताना ती आता जास्त जोरात मारायची. तवे पातळ व्हायला लागले म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरली.

दोन वर्षं गेली. एक दिवस गज्जनसिंग आला आणि खाटेच्या कडेवर टेकला. करतारकौर भट्टीपाशी होती. समोर जमिनीवर जीतो पाठमोरी बसून चाळणीच्या पत्र्याला भोकं पाडत होती. टक, टक, टक.

"भाभी, बाबाजी पुन्हा येऊ म्हणतात. निरोप आलाय. पण म्हणतात, आधी तुमच्या मनातला राग जायला पाहिजे."

"जाऊन राह्यलाय का राग? दिसून राह्यलंय तुला?"

"सोडा ना आता. भाणा असतो परमेश्वराचा, त्याची मर्जी, मान्य करायची."

"ताप आला तो भाणा. मान्य. दोन दिस घरात ठिवलं, तो तुमचा धंदा. तो देवाच्या नावावर ढकलू नको."

गज्जनसिंग तसा माणूस वाईट नव्हता. त्याची स्वतःची नातसुद्धा त्या दिवशी दाराजवळ बसवलेल्या आजारी लेकरांत होती. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "भाभी, घाबरले ते. शेवटी तेही माणूसच ना."

करतारकौरनं घण खाली ठेवला.

"माणूसच हाय. म्हणून तर राग हाय माझा. देव असता तर कशाला बोल्ले असते?" तिचा आवाज चढला. "अन् गुरू कोण व्हता रे? गुरू बी माणूसच व्हता! त्याला बी भ्या वाटलं असंल. एवढुसं पोरगं, परक्या गावात, चहूकडं मरणं. घरात बसून ऱ्हायला असता तर कुणी काय म्हणलं असतं? तरी गेला. भिऊन गेला, पण गेला! माणूस हाय म्हणून सोडवून राह्यला तुह्या बाबाला? माणूस व्हता म्हणून तर माझा गुरू मोठा हाय!"

गज्जनसिंगनं पागोटं सारखं केलं. "मग काय कळवू?"

"येऊ दे म्हणावं. मी सोता पायावर डोकं ठिवते, समद्या संगतीत. बिलकुल. फकस्त एक काम करायचं. ह्या खाटंवर बसून पोरीला मागून एक हाक मारायची. तिनं वळून पाह्यलं की माझा राग गेला."

गज्जनसिंगनं जीतोच्या पाठीकडं पाहिलं. आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानात यायच्या आधीच त्याच्या तोंडून निघून गेलं, "जीतो!"

मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "जीतो बेटा!"

टक, टक, टक, पोरगी भोकं पाडत राहिली.