मोहिनीताईंनी लिहिलेली हिस्टरी

धुळ्यातल्या एका मनोविकार ओपीडीत मोहिनीताईंच्या कागदावर डॉक्टरांचा डोळे झाकून विश्वास होता. सतरा वर्षं पेशंट आधी त्यांच्या टेबलाशी यायचा, त्या हिस्टरी, म्हणजे आजाराची हकीकत, लिहायच्या आणि मग डॉक्टर निदान करायचे. रावेरकडच्या केळीवाल्या घरातली ही बाई माणूस दारात दिसताच ओळखते, असं सगळे म्हणत. ताईंनाही ते खरंच वाटायचं, हीच तर पंचाईत.

त्यांची पद्धत ठरलेली. पुरुष आला की त्याला खुर्ची आणि "बोला भाऊ". बाई आली की पहिला प्रश्न, "सोबत कोण आलंय?"

गेल्या वर्षी चोपड्याचा भूपेंद्र आला होता. हातावर ब्लेडच्या खुणा, घरात आदळआपट. ताईंनी अर्धा तास त्याचं ऐकून घेतलं. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून गोळ्या दिल्या. त्याच आठवड्यात शिरपूरच्या वरच्या पाड्यावरची, पावरा समाजातली रूपा आली. तशाच खुणा, तशीच आदळआपट. ती भिंतीशी उकिडवी बसली. हिला आपली भाषा कुठली यायला, असं मनाशीच ठरवून ताईंनी नवऱ्याला विचारलं आणि पाच मिनिटांत कागद भरला. निदान पडलं, पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे दोष स्वभावातच.

आज रूपा एकटीच आली. त्या निदानाची चिठ्ठी चारचौघांत दाखवून नवऱ्यानं तिला हाकललं होतं आणि मुलगी ठेवून घेतली होती.

"ताई, माले तुमनं बोलनं बठ्ठं समजस, बोलता बी येस," ती म्हणाली. "दुसरं लेकरू पोटमाच गयं, तवयपाईन माले झोप नही. तुम्हीन माले इचारंच नही."

ताईंनी ओपीडीच्या फाइलीतला जुना हिस्टरीचा कागद काढला. 'नाटकी स्वभाव. लक्ष वेधून घेण्याची सवय. यांच्या लोकांत हे असतंच.' सगळं त्यांच्याच सुबक अक्षरात. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रूपाकडे बघायची हिंमत होईना.

तिला घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. "सर, हिला पुन्हा तपासा. हिस्टरी चुकलीय."

डॉक्टरांनी कागद वाचला. "नवऱ्यानं फारच तिखटमीठ लावलेलं दिसतंय."

सुटायला वाट आयती मिळाली होती. रूपा शेजारीच उभी होती.

"नाही सर," ताई म्हणाल्या, "नवरा 'ही रडते, आदळआपट करते' एवढंच म्हणाला होता. बाकीचं मी लिहिलं."