ओल्या कापसाचे दोन बोळे

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. आमच्या घरात तसलं काही चालतच नव्हतं. छप्पन साली बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नवस, अंगारे, उतारे सगळे उंबऱ्याबाहेर केले. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नागपुरात इंदोऱ्याला आमचं टिनाच्या छपराचं दोन खोल्यांचं घर. आई केव्हाच गेलेली. घरात छापखान्यातून रिटायर झालेले बाबा, त्यांची विधवा धाकटी बहीण म्हणजे माझी आत्या, आणि कोराडीच्या वीज केंद्रात क्लार्क असलेला मी.

एक दिवस बाबा नेत्रदानाचा फॉर्म भरूनच घरी आले. आत्या भडकली.

"काहून गा दादा, मेल्यावर डोळ्याचे खड्डे घेऊन झोपशील काय? लोक तोंड पाहाले येतात!"

"खड्डे नाही पडत वं. पापण्या मिटलेल्याच दिसतात."

"अन् चष्म्याचे डोळे कोण घेते?"

"चष्मा असला तरी चालते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी चालते."

"पुढच्या जन्मी आंधळा होशील मंग!"

बाबा हसले. "पुढचा जन्म आपण छप्पन सालीच सोडला ना?"

दीक्षा आत्यानंही घेतली होती, पण भीती काही सोडली नव्हती. "मी जिती हावो तोवर कोणाले हात लावू देणार नाही," असं तिनं ठणकावून सांगितलं.

बाबांनी मला बाजूला घेतलं. "घरच्यायनं हो म्हटलं तरच डोळे नेतात. तू तिले समजाव. अन् हा सूचनांचा कागद भिंतीवर लाव." मी कसला समजावतोय... घरात रोज कटकट नको म्हणून कागद न वाचताच ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकून ठेवला. आळस, दुसरं काय!

मे महिन्यातल्या एका सकाळी ऑफिसात फोन आला. शेजारच्या शांताबाई किराणा दुकानातून बोलत होत्या. चहा पिता पिता बाबांनी मान टाकली होती.

सुन्न होऊन मी ड्रॉवरमधून कागद काढला आणि सरकारी दवाखान्याच्या डोळ्यांच्या विभागाला फोन लावला. दुपारपर्यंत येतो म्हणाले. मग ऑफिसच्या जीपमध्ये बसून तो कागद मी पहिल्यांदा वाचला. पंखा बंद करा. डोक्याखाली उशी द्या. पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, नाहीतर डोळे सुकतात.

घरात यातलं कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे मे महिन्यात माणूस गेला की पहिलं काम म्हणजे पंखा फुल्ल करायचा. बाबांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी घालवली होती. रस्ताभर मी रडत होतो.

जीप मिळायलाच उशीर झाला होता; घरी पोचेपर्यंत फोन येऊन दोन तास झाले होते. आत गेलो तर पंखा बंद. बाबांच्या डोक्याखाली दोन उश्या, आणि दोन्ही पापण्यांवर कापसाचे बोळे. हात लावून पाहिला... थंडगार, ओले! त्या उन्हात ओला टॉवेल दहा मिनिटांत वाळायचा.

"पंखा कोणी बंद केला?"

आत्या रडता रडता चिडली. "कोण करन? मी तीनदा लावला, तीनदा बंद झाला. तुमच्या कोराडीनंच लाईट घालवली असन!" डोक्यावरचा बल्ब मात्र चालू होता.

"अन् कापूस?"

"शांतानं ठेवला. उश्या बी तिनंच देल्ल्या."

शांताबाई दारातूनच म्हणाल्या, "मी काहून ठेवू? मले वाटलं, आत्याबाईनं ठेवला."

त्या खोलीत या दोघींशिवाय कोणी गेलंच नव्हतं.

डॉक्टर आले. मी सही करायला तयार होतो, पण आत्या बाबांच्या उशाशी बसून होती आणि तिला डावलून मला काही करायचं नव्हतं. तिनं बाबांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि बाजूला सरकली. "घ्या. त्यानं सोताच तयारी करून ठेवली. मी कोण नाही म्हणणारी?"

अर्ध्या तासात सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, या उन्हात डोळे फार छान राखलेत तुम्ही. आत्या वाकून चेहरा पाहून आली. खड्डे नव्हते, बाबा नुसते झोपलेले दिसत होते. तिनं त्यांच्या गालावरून हात फिरवला.

पुढे दोन जणांना दिसू लागल्याचं पत्र आलं. नावं कळवत नाहीत. तेव्हापासून आत्याला बर्डीच्या बाजारात नेणं म्हणजे कठीण काम... येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत टक लावून पाहायची. "तो पाह्य, दादासारखाच पाहून राहिला!" म्हणायची आणि खूश व्हायची. खरं सांगू, मीही पाहायचो.

पंखा मी इलेक्ट्रिशियनला दाखवला. त्यात काहीच बिघाड नव्हता. राहता राहिली आत्या. बाबांनी तिला गुपचूप सगळं शिकवून ठेवलं असेल, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती. तिच्या शेवटच्या आजारपणात एकदा विचारलंच, "खरं सांग, कापूस तूच ठेवला होता ना?"

ती माझ्यावर जाम उखडली. "तुले आपल्या बापापेक्षा माह्यावर जास्त भरवसा हाय काय रे?"