पूजेतला पाना

झेंडूचा वास आला की मागोमाग मला जळक्या ऑइलचा वास येतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या पार्किंगमध्ये मोठा भाऊ त्याच्या छोट्या गाडीच्या टर्बोचा जोर वाढवत होता. टर्बोला ऑइल पुरवणारी नवी नळी बसवली, तेवढ्यात आईनं पाने-पकडी सगळं उचलून खंडेनवमीच्या पूजेत मांडलं, बॉनेटला झेंडूचा हार बांधला आणि बजावलं, "आता उद्यापर्यंत हत्याराला हात लावायचा न्हाय." भावानं नळीचा नट नुसत्या बोटांनी आवळला. "उद्या पान्यानं घट्ट करतो की," तो मला म्हणाला. संध्याकाळी मात्र त्याला राहवेना. होटगी रोडपर्यंतच जाऊ म्हणत त्यानं गाडी काढली आणि नटाचं माहीत असूनही मी शेजारी बसलो. गाडी पळाली तशी पाठ सीटला चिकटली, आम्ही दोघं हसलो. मग जळका वास आला. कुणीतरी धूप जाळत असेल, असं मीच म्हणालो. गाडी थांबवली तेव्हा बॉनेटवरचा झेंडू काळा पडत चालला होता. भावानं बॉनेट उचललं आणि ढिल्या नटातून तापल्या टर्बोवर गळलेल्या ऑइलचा जाळ त्याच्या हातांवर आला. त्याची बोटं आता पुरती मिटत नाहीत. आई अजून दर खंडेनवमीला हत्यारं मागते, आणि मी एक पाना खिशात ठेवून बाकीची देतो.