रोह्याची कोरडी पोपटी

पेण स्टेशनवर मामा माझ्या आधी येऊन बसला होता. मला ती चांगली खूण वाटली. दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री, दोन्ही हात खिशात. ते खिशात का, हे मला ठाऊक होतं. सकाळी ते थरथरतात.

"एकच रविवार हां, बाय," मला पाहताच त्याने आठवण करून दिली. "मी शब्द दिलाय तो एकाच रविवारचा. नंतर तू बोलायचं नाय, तुझ्या मामीनं बोलायचं नाय."

"एकच," मी म्हटलं.

दिनूमामा पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. (मूर्ती घडतात त्या जागेला इथे कारखानाच म्हणतात.) तो पितो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. मी ठाण्याहून आठ दिवस राहायला आले, तेव्हा मामीने पोह्याचे पापड लाटता लाटता, मान वर न करता विचारलं, "तू शिकलेली. तुझ्या फोनात बघ ना, दारू सोडवणारं फुकटातलं काय हाय का." फोनात पनवेलची, नवी मुंबईची केंद्रं निघाली. त्यांची फी ऐकून मामीने लाटणं पुन्हा हातात घेतलं.

मग मी गावात विचारायला निघाले. अनोळखी माणसांशी बोलायला मी बिचकते, शिवाय माझं मराठी पुस्तकातलं. एका औषधवाल्याने भाजीत गुपचूप मिसळायची पूड दाखवली. मामीच्या शेजारणीने गंडा बांधणाऱ्या महाराजांचा पत्ता दिला. शेवटी खरी माहिती मिळाली ती देशी दारूच्या दुकानाबाहेर उकडलेली अंडी विकणाऱ्या मावशींकडून.

"रोह्याला जा," त्या अंडं सोलत म्हणाल्या. "धाटावच्या वाटंवर, कंपनीतल्या कामगारांच्या चाळींमागं अंगणवाडी हाय. रविवारी दुपारी बसतात. पैशे नाय घेत, गोळी नाय देत. नुसते बोलतात! बोलून कधी सुटते का दारू? पण सुटली ना मेल्यांची. माझी चांगली चांगली गिऱ्हाइकं गेली तिथं."

तर असे आम्ही दोघे रोह्याच्या गाडीत बसलो. जानेवारीतली कोवळी थंडी होती. कापलेल्या भातखाचरांतून वालाची हिरवी पट्टी लांबवर दिसत होती. नागोठणं मागे पडलं तेव्हा मला वाटलं, आता काय, पोचलोच.

निडी स्टेशनला गाडी थांबली ती थांबलीच. समोरून दुसरी गाडी यायची होती. मामा उठला. "पाणी पिऊन येतो."

पाण्याची बाटली माझ्या हातात होती. मी त्याच्या मागोमाग उतरले. तो फलाटाच्या टोकाला जाऊन इकडेतिकडे बघत उभा राहिला आणि मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. आम्ही दोघे असे पहाऱ्यात गुंतलेले असताना गाडी निघून गेली.

"झालं," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात नको इतका आनंद होता. "आता घरी जाऊ."

"उलटी गाडी केव्हा येईल कोण जाणे," मी म्हटलं. "रोहा जवळ आहे."

रस्त्यावर पेंढा भरलेला एक टेम्पो मिळाला. पुढे चालवणारे काका आणि त्यांची बायको. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठं चाललीस गो?"

"रोह्याला. एक कार्यक्रम आहे."

"लगीन?"

मी काय सांगावं या विचारात असताना मामाच म्हणाला, "व्हय. माझ्यासाठी पोरगी बघायला चाललीय ही."

"आणि घरातली?"

"तिनंच धाडलंय."

बाई इतक्या हसल्या की काकांनी टेम्पो हळू केला. आम्ही मागे पेंढ्यावर बसलो. मामाचे केस गवताने भरले. त्याला पेंढ्याचा वास आवडतो, हे मला त्या दिवशी कळलं. मूर्ती पाठवताना तो खाली पेंढाच अंथरतो.

टेम्पोवाल्यांनी आम्हाला धाटावच्या वाटेवर सोडलं. कारखान्यांच्या चिमण्या, त्यांचा तो आंबूस वास, मग चाळी. पत्र्याची छपरं, दारांपुढे वाळत घातलेले कंपनीचे निळे शर्ट, एका नळावर भरपूर बादल्या. चाळींमागे अंगणवाडीची खोली होती, भिंतीवर पोपट आणि आंबा रंगवलेला. समोरच्या मोकळ्या जागेत धूर निघत होता आणि धुराभोवती पुरुषांचं कोंडाळं मोठमोठ्याने हसत होतं.

वास आला आणि माझे पायच थांबले. पोपटी. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि मीठ हे सगळं मडक्यात भरायचं, भांबुर्डी या रानझुडपाच्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. थंडीत आमच्या सगळ्या रायगडात पोपटी लागते. आणि पुरुषांची पोपटी म्हटली की सोबत बाटली आलीच. मामाची सगळ्यात वाईट पडझड पोपटीच्या दिवसांत होते.

अंडेवाल्या मावशींनी मला फसवलं होतं.

"मामा, चल परत," मी म्हटलं.

पण मामाचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उजळला होता. "थांब गो. एवढ्या लांब आलो, विचारून तर बघू." आणि तो ताडताड पुढे निघाला. सकाळपासून मी त्याला ओढत होते, आता तो मला ओढू लागला. त्याला जागा करून देण्यात आली. तो मांडी घालून बसला. थोडा वेळ दम धरला, मग शेजारच्या दाढीवाल्या माणसाकडे झुकून हळूच म्हणाला, "माल कुठं ठेवलाय?"

त्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "ऐका रे! मालाची चौकशी आलीय!"

सगळे खदखदा हसले. "मी पण हेच विचारलेलं," एक म्हणाला. "मी तर पेंढ्यात हात घालून शोधला," दुसरा म्हणाला. ते दाढीवाले म्हणजे बाळादा, रिक्षा चालवतात. त्यांनी डोळे पुसले. "दादा, बरोबर जागी आलास. ही कोरडी पोपटी, दारूबिगर. इथं बसलेला परतेक जण पिऊन पिऊन संपलेला माणूस हाय."

मामाचा चेहरा पडला. तो उठला, चपला शोधू लागला. माझा एक रविवार तिथेच संपत होता.

"जा की," बाळादा शांतपणे म्हणाले. "पण मडकं लागलंय. लागलेल्या पोपटीवरनं उठून जातोस?"

मामा एक पाय चपलेत घालून उभा राहिला. आमच्याकडे हे खरंच करत नाहीत. जाळ लागला की मडकं उघडेपर्यंत कुणी उठत नाही. उठणं म्हणजे लावणाऱ्याचा अपमान. मामा बायकोचं ऐकत नाही, बहिणीचं ऐकत नाही. पोपटीचा रिवाज मात्र त्याला मोडवेना. तो पुन्हा बसला, जरा तोंड वळवून.

आणि मडकं शिजेपर्यंत ते एकेक करून बोलत राहिले.

मला हमीदाखाला (खाला म्हणजे मावशी) नावाच्या एका बाईंनी अंगणवाडीच्या ओसरीवर बसलेल्या बायकांत नेलं. त्या इथल्या बायकांना जमवतात, चहा करतात. त्यांच्या नवऱ्याने आखाती देशातली नोकरी दारूपायी गमावली होती. आता तो जाळाजवळ बसून पेंढा सारत होता. "कोण तुझा? बाप?" खालांनी विचारलं.

"मामा."

"बोल गो, काय बोलायचं असंल ते."

मी मामाकडे बघत राहिले. त्यांनी आग्रह केला नाही, माझ्या पुढ्यात शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं. मी वाल सोलत राहिले. मूठभर दाणे जमले तेव्हा मी म्हटलं, "पेणहून फोन आला की आई आधी घाबरून माझ्याकडे बघते, मग फोनकडे."

"आमच्याकडं पण तसंच व्हतं," खाला म्हणाल्या. "आता वाजला की उचलते."

तेवढ्यात मामाचा आवाज आला. "मी दिनकर. पेणचा. गणपती रंगवतो." त्याने हात पुढे धरले. "सकाळी घोट घेतल्याबिगर माझ्याच्यानं ब्रश धरवत नाय. मला वाटायचं, हे माझं एकट्याचंच."

"मी वेल्डर," कोणीतरी म्हणालं. "माझं काय व्हत असंल, बघ."

पुन्हा हसणं. या वेळी त्यात मामाचंही होतं. मग बाळादा समजावताना ऐकू आले की, एकदम एकट्याने सोडायचं धाडस करू नकोस, अंगाला कापरं भरतं, उद्याच सरकारी दवाखान्यात डॉक्टरला दाखव, पेणचा आमचा एक जण आहे, तो सोबत येईल.

शिजलं का ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं. कागदावर पोपटी ओतली, वाफ उठली. मी इतकी अधाशासारखी खाल्ली की खालांनी परत वाढलं.

मामाने एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, चावले. सगळे बघत होते.

"मीठ कमी," तो म्हणाला. "आणि पाला वाळका. ह्याला तुम्ही रोह्याला पोपटी म्हणता?"

"आला मोठा पेणकर!" बाळादा म्हणाले. "मग तू लाव ना पुढच्या रविवारी."

"लावीन. त्यात काय?"

हसू लपवायला मी पाण्याच्या भांड्यात तोंड खुपसलं.

परतीच्या गाडीत मामा खिडकीशी बसून कुठल्या शेतातला पाला कोवळा असेल याची चर्चा करत होता. मामाची दारू सुटली, असं मी इथे लिहिणार नाही. एका दुपारी काही सुटत नाही, हे त्या सगळ्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं. मला एवढंच कळलं की, घरात ज्या गोष्टीबद्दल आम्ही कुजबुजतो, ती काही माणसं चाळीमागच्या अंगणात उघड्यावर बोलतात, हसतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. तिथवर पोचायला फक्त कुणाला तरी विचारावं लागतं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. मामी दारातच होती. तिने मामाकडे पाहिलं, त्याच्या श्वासाचा अंदाज घेतला, मग मला विचारलं, "काय झालं?"

उत्तर मामाने दिलं. "त्यांना पोपटी लावता येत नाय गो. पुढल्या रविवारी जायला लागंल."

मामी आत गेली, माळ्यावरचं मोठं मडकं उतरवलं आणि मोरीत नेऊन घासायला बसली.