टाचेमागची शीर

भिंती रंगवणाऱ्या त्या माणसाला सगळे बगळा म्हणत. एक तर उंच, काटकुळा. त्यात शिडीवर चढला की सगळा भार चवड्यांवर आणि टाचा मागे हवेत. मान वर, हातात ब्रश. छत रंगवताना तो असा किती वेळ उभा असायचा, ते त्याचं त्यालाही कळत नसे.

खाली त्याचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि धंदाही दोघांनी मिळून केलेला. साडूला उंचीची भीती. दोन पायऱ्या चढला की पाय लटपटायला लागत. त्यामुळे कामाची वाटणी कधी बोलून करावी लागली नाही. "छत तुझं, उंदरांची बिळं माझी," साडू म्हणायचा आणि गुडघ्यांवर बसून खालचे कोपरे रंगवायला घ्यायचा.

बगळ्याची पन्नाशी उलटली आणि टाच बोलायला लागली. सकाळी पलंगावरून उठून पहिलं पाऊल टाकलं, की टाचेच्या जरा वर, मागच्या बाजूला, कुणीतरी चिमट्यात धरल्यासारखं व्हायचं. भिंत धरत धरत तो न्हाणीघर गाठायचा. चहा पिऊन होईपर्यंत पाय मोकळा व्हायचा. मग दिवसभर विशेष काही नाही, म्हणून विषय डोक्यातून जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हळूहळू चहा पिऊन झाला तरी पाय मोकळा होईना.

"अहो, कुणाला तरी दाखवा," बायको म्हणाली.

"चप्पल झिजलीय, दुसरं काही नाही," तो म्हणाला. चप्पल खरंच झिजलेली होती.

साडूनं त्याला ओळखीच्या मालिशवाल्याकडे नेलं. त्या गड्यानं दुखरी जागा बरोब्बर शोधली आणि अंगठ्यानं अशी रगडली, की बगळ्याला दिवसा तारे दिसले. दुसऱ्या दिवशी तिथं सुजून गाठ आली. मग त्यानं ठरवलं, आता उठायचंच नाही. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसून राहिला. साडू एकटा फाटकं आणि कठडे रंगवायची बैठी कामं घेत होता. बगळा रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय बघायचा. धडपणे चालणारी माणसं बघून त्याला राग यायचा, मग रागाचाही कंटाळा यायचा.

पण दुखणं गेलं. एकदम गेलं. तो खुशीत शिडीवर चढला आणि जेवणाची सुट्टी व्हायच्या आत पुन्हा लंगडत खाली आला. या वेळी दुप्पट दुखत होतं. रंगाच्या उपड्या डब्यावर बसून तो म्हणाला, "संपलं बघ. भंगारात घाला आता मला."

साडूनं पाण्याची बाटली पुढे केली.

शेवटी बायकोनंच त्याला दवाखान्यात नेलं. "एक इंजेक्शन द्या आणि मोकळं करा," त्यानं डॉक्टरांना सांगितलं.

"तिथं सुई मारणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही म्हणता त्या इंजेक्शननं दुखणं दबेल, पण शीर कमजोर होईल. उद्या शिडीवर असतानाच तुटली तर?" आणि त्यांनी त्याला खालच्या मजल्यावर, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं.

बाईंनी त्याला पालथं झोपवलं. पावलं पलंगाच्या कडेबाहेर. त्यांनी पोटरी दाबली, तसं पाऊल आपोआप हललं.

"तुटलेली नाहीये," त्या म्हणाल्या. "पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला ज्या दोरीनं बांधलेला असतो, ती ही. पुस्तकात कंडरा, लोक शीर म्हणतात. तिच्यावर झेपेना इतका ताण पडत गेला आणि तिची वीण विस्कटली."

"मी इतके दिवस नुसता बसून होतो की!"

"बसल्यानं दुखायचं थांबलं. पण बसून ताकद येते का? ती आणखी मऊ पडली, आणि तुम्ही तिला थेट शिडीवर नेलंत."

मग त्यांनी त्याला टेबलाला धरून उभं केलं. दोन्ही टाचा हळूहळू उचलायच्या, हळूहळू टेकवायच्या. बगळा बघतच राहिला. "बाई, चवड्यांवर उभं राहून तर हे झालंय. आणि तुम्ही तेच करायला सांगताय?"

बाई हसल्या. "तुम्ही त्या शिरेवर तासन्‌तास लटकता. हे थोडं, सावकाश आणि हळूहळू वाढवत न्यायचं. करताना जरा दुखेल, चालेल तेवढं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं, तर आदल्या दिवशी अति झालं असं समजायचं. मग कमी करायचं, सोडायचं नाही. महिने लागतील, आधीच सांगते."

बुटात टाचेखाली घालायला त्यांनी जाड पट्टीही दिली. चपला बंद झाल्या.

इतकं कंटाळवाणं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. भिंतीला एक हात मारला तरी काहीतरी दिसतं. इथं स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून वर-खाली करायचं आणि दिसायचं काहीच नाही. अंग आधीच कामानं आंबलेलं. "झालं का आजचं?" बायको विचारायची, की तो पाय ओढत उठायचा. मध्येच एखादी सकाळ अशी यायची, की पाऊल टेकवत नसे, आणि त्याला वाटायचं, बाईंनी आपल्याला बनवलं. पुढे दोन्हींऐवजी एका पायावर करायचं आलं. नंतर पाठीला पिशवी अडकवून त्यात रंगाचे भरलेले डबे.

तोवर बगळा खालचं काम करी आणि उंच कामं दोघं नाकारत होते. पण एका वाचनालयाच्या दालनाचं काम आलं, ते सोडवेना. बगळा काही बोलायच्या आत साडूनं शिडी लावली आणि चढायला लागला. बगळ्यानं खालून शिडी घट्ट धरली. तिच्या थरथरण्यावरून त्याला साडूचे गुडघे कळत होते. वरून रंगाचा एक टपोरा थेंब त्याच्या कपाळावर पडला.

"अरे, डोळे उघड! छत वर आहे."

"उघडले की जमीन दिसते!"

"मग खाली कशाला बघतोस?"

"तू आहेस का बघायला!"

बगळ्यानं एकेक पायरी सांगत त्याला उतरवलं. दोघं फरशीवर भिंतीला टेकून बसले. साडूचा शर्ट घामानं भिजला होता. श्वास सावरल्यावर तो म्हणाला, "परांची बांधू या ना." हे तो वर्षानुवर्षं सांगत आला होता आणि दर वेळी बगळा उडवून लावायचा. बांबू उभे करा, फळ्या टाका, बांधा, सोडा. नवशिक्यांचे लाड नुसते.

या वेळी त्याच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. "बांधू," तो म्हणाला.

परांचीवर फळ्या रुंद होत्या. पूर्ण पाऊल टेकत होतं, टाचेसकट. दोन्ही बाजूंना कठडा असल्यामुळे साडूही रांगत का होईना, वर आला. बराच वेळ फळीला चिकटून बसला. मग मान वर करून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा छत जवळून पाहिलं.

"इतकी वर्षं तू हे असं रंगवत होतास? हे बघ, इथं सुटलंय. हे इथंही."

"खालून दिसत नाही ते."

"म्हणून सोडायचं?"

बगळ्यानं सुटलेल्या जागी ब्रश फिरवला.

दालन संपेपर्यंत टाच पूर्ण बरी झाली नव्हती. गाठ आजही हाताला लागते आणि थंडीत सकाळी शीर आखडते. व्यायाम चालूच आहे, कुरकुर करत. पण काम संपल्याच्या दिवशी दोघं वाचनालयाचा जिना उतरत होते. पुढे साडू, डबे सांभाळत, गिऱ्हाइकाला नावं ठेवत. निम्म्यावर आल्यावर बगळ्याच्या लक्षात आलं, की आपण कठडा धरलेला नाही. एकामागून एक पाऊल सरळ पडतंय. तो थबकला.

"काय झालं? दुखतंय?" साडूनं मागे वळून विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "दमलोय. चल."