निळी गल्ली

पोरगी रडंना. दुपारी झोळीत टाकलेली, हात घातला तर अंग तव्यासारखं, डोळे अर्धे उघडे, छातीला लावलं तर तोंडच उघडंना. मी तिला उचलून दाराबाहेर पळाले. शेजारच्या मावशीनं ओला टॉवेल तिच्यावर टाकला, रिक्षा थांबवली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "उष्माघात झालाय. दुपारी पत्र्याखाली ठेवू नका."

मग कुठं ठेवू? आमचं घरच पत्र्याचं.

पोरगी वाचली. नंतर कॉलेजची एक मुलगी आली वस्तीत. कुठली वस्ती जास्त तापते ते उपग्रहातून बघतात म्हणे. नकाशात लाल दिसेल तिथल्या पत्र्यांना पालिका पांढरा रंग मारून देणार, त्यानं घर गार राहतं. आम्ही चुना मारून बघितलेला, नव्या पत्र्यावर धरतच नाय, पापुद्रे उडतात. तिनं मोबाईलवर नकाशा दाखवला. मागची गल्ली लालभडक. आमची निळी.

मावशी म्हणाली, "निळी का? मग ये बाई, दुपारची झोप माझ्याकडं काढ."

मुलगी ओशाळली. "वादळात तुमचे जुने पत्रे उडाले ना, सगळ्यांनी नवे बसवले. चकचकीत पत्रा आरशासारखा असतो, मावशी. त्यात आभाळाचा गारवा दिसतो, खालची उष्णता उपग्रहाला कळत नाही. मी पालिकेच्या साहेबांना सांगितलं, पण ते नकाशाच बघतात."

"आणि काळा केला तर?" मावशीनं विचारलं.

 ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तर लाल दिसेल. पण घर अजून तापेल, ताई. आणि उपग्रह वरून जाईपर्यंत तसंच ठेवावं लागेल."

पावसाळ्याआधी पत्र्याची भोकं बुजवायला डांबर आणतात, ते गल्लीनं आधीच आणून ठेवलं. एक घर काळं करून उपग्रहाला काय दिसणार नाय, सगळी पायजेत. सगळे तयार, फक्त आमचं घर राहिलेलं. नवरा म्हणाला, तू सांगशील तसं. सासू म्हणाली, पोरगी तुझी. मावशी ब्रश घेऊन शिडीवर चढलेली, खाली बघत होती. "बोल गं, लावू का नको?"

पोरगी माझ्या खांद्यावर झोपलेली, मान घामानं भिजलेली. नको म्हणलं तर सगळा उन्हाळा असाच, आणि पुढचा पण. हो म्हणलं तर आज दुपारी हिचं काय? मी आठवी शिकलेली, मला काय कळतंय.

 मी एका हातानं शिडी धरली फक्त. मावशीनं ते हो धरलं.

तुम्ही असता तर काय केलं असतं? खरं सांगा. शिडी धरली असती का?