बरी आहे म्हणायचं नाही

माझ्या सासूबाई सिल्लोडच्या. त्यांच्या माहेरी तान्ह्या बाळाला बरं आहे असं कुणी कधी म्हणत नाही. दृष्ट लागते. पोर मांडीवर मजेत हातपाय झाडत असलं तरी विचारणाऱ्याला सांगायचं, किरकिर करतंय हो.

माझी मुलगी जन्मापाठोपाठ न्यूमोनियानं काचेच्या पेटीत राहून आली, तेव्हापासून हा नियम आणखी कडक झाला. ती पोटभर पिऊन झोपायची आणि सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "कुठं काय, थेंबबी उतरत नाय नरड्याखाली." मला हसू यायचं.

दीड महिन्याच्या लशीला आम्ही औरंगपुऱ्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, साफ वाटतेय म्हणाले, आणि विचारलं, "घरी कशी असते?"

"लई घरघर," सासूबाई म्हणाल्या. "सांजच्याला अंग तापतं."

तापलेलं नव्हतं. मी शेजारीच होते आणि गप्प बसले. भीती मलाही वाटत होती. डॉक्टरांनी लस पुढच्या आठवड्यावर टाकली. निघताना मला म्हणाले, "फार लांबवू नका. डांग्या खोकला झाला तर या छातीला झेपायचा नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांनी तेच विचारलं. सासूबाईंनी श्वास घेतला, तेवढ्यात मी बोलले, "ठणठणीत आहे, डॉक्टर. ताप नाही, घरघर नाही, पोटभर पिते."

पोरीला भर क्रांती चौकात ठेवून आल्यासारखं सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सुई टोचली, पोरगी दणदणीत रडली. डॉक्टर म्हणाले, आज ताप येईल, घाबरू नका.

संध्याकाळी ताप आला. लशीचाच होता, सांगून आला होता, औषधही घरात होतं. तरी तिच्या कपाळावर हात ठेवून मी रडले. बोललेच नसते तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. मिरच्या जाळल्या नाहीत, धुरानं पोरीला खोकला येईल म्हणाल्या. मला म्हणाल्या, "आईचीच नजर लागती पयली. रडू नको."

सकाळी ताप उतरलेला होता. पोरगी पिऊन तृप्त पडली होती. शेजारीण दारात आली, कशी आहे म्हणाली. सासूबाई आतून यायच्या आत मीच सांगितलं, "कुठं काय. लई किरकिर."